गोटाडावरची धाकटी

तीर्थरूप भाऊजी यांस,

धाकटीचा नमस्कार.

एवढं लिहायलाच मला अर्धी दुपार लागली. तुम्ही माझे भासरे, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आईनं बजावून पाठवलं होतं की भासऱ्यापुढे यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांचं नाव घ्यायचं नाही, सावलीवर पाय पडू द्यायचा नाही. तुमचं नाव सोमाजी. त्या दिवसापासून सोमवारला मी 'महादेवाचा वार' म्हणत आले. तुमसरच्या बाजारात दुकानदार हसायचे, पण मी काही बधले नाही. आज मात्र नाव लिहून टाकलं. बघा, हात काही झडला नाही!

काल तुमची तेरवी झाली. पाहुणे सकाळच्या मोटारीनं गेले. माझ्या थोरल्या जाऊबाई, मोठीबाई, आत पडून आहेत, तुमचे भाऊ बैलांना पाणी पाजायला गेलेत, आणि मी छपरीत उखळाशेजारी बसून हे लिहिते आहे. जाण्याआधी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. उखळाला नाही, मोठीबाईच्या मार्फत नाही, थेट मला. मी त्याचं उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्याजवळ होतं, अजून आहे, आणि ते तसंच ठेवून मला झोप लागत नाही. म्हणून लिहिते.

पण ते शेवटी. आधी बाकीचं सांगू द्या. तुम्हाला सगळं माहीतच आहे म्हणा, पण माझ्या बाजूनं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. कोण सांगणार? उखळ?

आपलं सगळं बोलणं या उखळाच्या मार्फत झालं. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खोटं वाटतं. अंगणात पाय टाकण्याआधी तुम्ही खाकरायचात. खाकरलात की मी पदर ओढून दाराआड व्हायची. मग तुम्ही उखळाकडे बघून म्हणायचात की उद्या धानाच्या रोवणीला माणसं आहेत, भात जास्त टाकावा लागेल. मी दाराआडून उखळालाच सांगायची की तांदूळ संपत आले, आधी धान गिरणीवर न्यावं लागेल. उखळ बिचारं दोघांचंही ऐकून घ्यायचं. इतक्या वर्षांत त्यानं एकही निरोप चुकवला नाही. तुमच्या भावाला सांगितलेला निरोप मात्र संध्याकाळपर्यंत टिकत नसे.

एकदा तुम्ही जेवून उठलात आणि उखळाला म्हणालात की आज लाखोळीची डाळ बरी झाली होती. एकदाच! त्यानंतर मी ती डाळ किती वेळा केली असेल, पण पुन्हा काही तुमच्या तोंडून शब्द निघाला नाही. ही तक्रार मी इथे नोंदवून ठेवते.

आता शांताकडे येते. तिच्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

तुमची थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पावसाळ्याचे दिवस होते. सकाळपासून कळा येत होत्या, सुईणीनं हात टेकले आणि म्हणाली, तुमसरच्या दवाखान्यात न्या. तुम्ही बंडी जुंपली. मोठीबाईला ताप होता, म्हणून शांताचं डोकं मांडीवर घेऊन बंडीत मी बसले. पक्क्या रस्त्यापर्यंत आपल्या गावाला तेव्हा नुसती चिखलाची वाट, आणि मध्ये तो नाला. नाल्याच्या चढावर बंडी रुतली. मी खाली उतरले आणि एका चाकाला खांदा लावला. दुसऱ्या चाकाला तुम्ही होतात. माझा पदर कुठे होता मला माहीत नाही, गुडघ्याएवढ्या चिखलात पदर कोण सांभाळणार? तरीसुद्धा तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "राजा, जरा जोर लाव. माही पोरगी जाऊन राहिली."

बंडी निघाली, पण फार वेळानं निघाली. शांता गेली आणि तिचं बाळही गेलं. परतताना तुम्ही बंडीच्या मागून पायी आलात.

त्यानंतर तुम्हाला एकच ध्यास लागला, रस्त्याचा. तुम्ही तहसीलला गेलात, भंडाऱ्याला गेलात, ज्याच्या त्याच्या दारात उभे राहिलात. ज्या माणसानं कधी कोणाकडे मिठाचा खडा मागितला नव्हता तो माणूस साहेबांच्या बाकावर दिवसभर बसून यायचा. मोठीबाई तुमची वाट पाहत उपाशी राहायच्या. मला तुमचा फार अभिमान वाटायचा. हे तुम्हाला कळलं होतं का? उखळाला मी ते कधी सांगितलं नाही, हेही खरंच.

मग तो ठेकेदार आला. त्याच्याकडे रस्त्यांची कामं होती आणि त्याला गोटे हवे होते. आपल्या गावाजवळ वैनगंगा वळते, त्या वळणावर गोल गोट्यांचा लांबच लांब उंचवटा आहे. त्याला आपण गोटाड म्हणतो. वर मोहाची काही झाडं, एक म्हातारी बोर, बाकी सगळे गोटे. पीक म्हणून त्यावर कुसळही येत नाही. गोटाडाच्या अलीकडे बारकूच्या धानाच्या बांध्या आणि त्याचं घर, मग आणखी शेजाऱ्यांच्या बांध्या, आणि मग गाव. गोटाडाची जमीन आपली. ठेकेदार म्हणाला की गोटाड खोदू द्या, तेच गोटे आधी तुमच्या गावच्या रस्त्यावर टाकतो, नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल, बांधतो. तुम्ही हो म्हणालात. तुमच्या भावाला विचारलंत, त्यांनी मान हलवली. त्यांची मान कुठल्याही बाजूनं हलते, हे आपल्याला दोघांनाही माहीत आहे.

कामाला सुरुवात झाली तेव्हा बारकू आपल्या अंगणात आला. सोबत शेजारची दहा-वीस माणसं होती. मी दाराआड होते. बारकू तुमच्यापेक्षा वयानं लहान, तुमच्या पायाशी बसला. हात जोडून म्हणाला, "भाऊ, गोटाड गेला का नदी आमच्या चुलीत येईन." तुम्ही त्याला समजावलंत की नदी दूर आहे, दरवर्षी पूर येतो आणि जातो, गावाला कधी धक्का लागला का? बारकू म्हणाला की लागला नाही, कारण गोटाड आहे. शेवटी तुम्ही म्हणालात, मी जबान दिली आहे. एवढं म्हटल्यावर आपल्या गावात पुढे बोलायला काही उरत नाही. ती माणसं उठून गेली.

बारकूची बायको भागरता माझी मैत्रीण. तिच्या घराच्या भिंती मातीच्या आणि दाराच्या तोंडाशी गोटाड. नदीकाठी जन्मलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही हो! लेकरंही वाळूत घर करतात तेव्हा आधी बांध, आपला धुरा, घालतात. तुम्हाला ते कळत नव्हतं असं मी म्हणत नाही. तुम्हाला नाला दिसत होता, आम्हाला नदी दिसत होती.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा आपणहून उखळाशी बोलले. तुम्ही छपरीत बसला होतात. मी दाराआडून म्हणाले, "उखळा, गोटाड म्हणजे नदीचा धुरा आहे. शेजाऱ्याचा धुरा कोणी फोडते का?"

तुम्ही बिडी विझवलीत. मग उखळाकडे न बघता, जमिनीकडे बघत म्हणालात, "उखळा, धुरा फोडून कोणाची पोरगी वाचत असंन तं मी फोडतो."

शांताचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. मी आत गेले आणि चूल पेटवली.

गोटाड खणायला लागले ते वरच्या टोकाकडून. ट्रक यायचे, टिकास-फावडी चालायची, घमेल्यांनी गोटे भरले जायचे. खणणारी माणसं आपल्याच गावची, उन्हाळ्यात हाताला दुसरं काम कुठे असतं? बघता बघता त्या टोकाला बंडी जाईल एवढी खिंड पडली. भागरता रोज सकाळी दारात उभी राहून खिंडीकडे बघायची. आधी तिच्या दारातून नुसता गोटाड दिसायचा, आता पाणी दिसायला लागलं.

पुढचं जे झालं ते मी ठरवून केलं असं गावात अजून म्हणतात. खोटं आहे ते. दिवस मोहफुलांचे होते. मी आणि भागरता टोपल्या घेऊन गोटाडावर गेलो, फुलं वेचली आणि तिथेच तापलेल्या गोट्यांवर वाळत घातली. राखण म्हणून बोरीखाली बसलो. थोड्या वेळानं पाहते तर खाली सगळी माणसं फावडी टेकवून उभी! मला समजेना काय झालं. मग लक्षात आलं. त्यातला कोणी गावकीच्या नात्यानं माझा भासरा, कोणी भागरताचा, कोणी दोघींचा चुलतसासरा. सून बसली आहे तिथे ते चढणार कसे? कोणी खाकरलं, आम्ही सवयीनं उठलो, टोपल्या उचलल्या आणि खाली आलो. मागे पुन्हा फावडी वाजायला लागली.

आम्ही घरी आलो. अंगणाच्या तोंडाशी भागरता थांबली आणि म्हणाली, "उद्या खाकरले तं मी नाही उठत." मी म्हटलं, मीही नाही उठत.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या सुनांना सोबत घेतलं. मोहफुलं वाळवायची म्हणजे बायांचंच काम, कोणाला संशय कसला येणार? माणसं खाकरली. पुन्हा खाकरली. त्या दिवशी गोटाडाखाली जेवढं खाकरणं झालं तेवढं साऱ्या गावाला पडसं झालं तरी होणार नाही. आम्ही पदर ओढून, पाठ फिरवून बसून राहिलो. ठेकेदाराचा मुकादम परका माणूस, त्याला काही कळेना. तो ओरडायचा, चढा म्हणायचा, आणि आपली माणसं माना खाली घालून उभी राहायची. त्यांनाही त्यात काही फार दुःख झालेलं दिसलं नाही. त्यांचीही घरं गोटाडाच्या अलीकडेच होती ना!

फुलं वाळली की आम्ही काय करायचो ते तुम्हाला ठाऊक आहे का? नदीतून पाणी आणून पुन्हा भिजवायचो आणि पुन्हा वाळत घालायचो. त्या वर्षीच्या मोहाला सगळीकडे बुरशी आली. तुमच्या भावानं विचारलं की मोह असा कसा झाला, तर मी म्हटलं की यंदा ऊनच कमी आहे. ते बाहेर जाऊन आभाळाकडे बघून आले. मग मान हलवली.

पण घरात मला फार जड गेलं, भाऊजी. पहिल्याच दिवशी मोठीबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. शांताची आई त्या. मी रस्ता अडवून बसले होते, म्हणजे त्यांच्या लेखी शांतालाच अडवून बसले होते. ताट वाढायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत. तुम्ही रिवाजानं बोलत नव्हता, त्या रागानं बोलत नव्हत्या. घरात बोलायला मला फक्त उखळ राहिलं. रात्री कूस बदलताना मला वाटायचं, उद्या जाऊ नये. शांतानं मला काकू म्हणून मारलेली हाक ऐकू यायची. सकाळी भागरता दारात येऊन उभी राहिली की मी टोपली उचलायची.

मुकादमानं मग बाहेरगावचे मजूर आणले. त्यांना आमच्या नात्यांशी काय देणंघेणं? पण त्यांना मालकानं हद्द दाखवल्याशिवाय ठेकेदार पुढच्या भागाला हात लावायला तयार नव्हता. म्हणून तुम्हाला बोलावलं. ट्रकच्या मागून तुम्ही पायी आलात. मी वरून पाहिलं, तुम्ही धोतर बदलून आला होतात, पांढरं. काहून? माझ्याशी भांडायला की काय, असं तेव्हा मनात आलं आणि हसू आलं. हसू आलं ते भीतीनं.

तुम्ही गोटाडाच्या पायथ्याशी थांबलात आणि खाकरलात.

वीस वर्षं त्या आवाजासरशी मी उठत आले होते. भाकरी तव्यावर असली तरी उठले होते, लेकरू पदराखाली असलं तरी उठले होते. पाय आपोआप हलले. बाकीच्या सुना उठायला लागल्या. मी भागरताच्या लुगड्याचा काठ धरला आणि बसून राहिले. ती बसली, म्हणून इतर बसल्या.

तुम्ही दुसऱ्यांदा खाकरलात. मी बसून.

मग तुम्ही बोरीकडे पाहिलंत. तिथे उखळ नव्हतं ना, म्हणून बोर. तुम्ही बोरीला म्हणालात, "मी जबान देल्ली आहे."

मी बोरीला म्हणाले, "जबान एका घराची आहे. नदी साऱ्यायची आहे."

ऊन चढलं होतं. खाली मजूर ट्रकच्या सावलीत बसले होते. मग तुम्ही वळलात आणि मुकादमाला म्हणालात, "आमच्या घरची सून वर बसली आहे. ते उठेपर्यंत माह्याच्यानं हद्द दाखवणं होत नाही."

मुकादम म्हणाला, तिला उठायला सांगा.

तुम्ही म्हणालात, "मी तिच्यासंग बोलत नाही."

तो म्हणाला, मग आज बोला. तुम्ही म्हणालात की आमच्यात बोलत नाहीत. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. तो एकदा तुमच्याकडे, एकदा आमच्याकडे, एकदा बोरीकडे बघत होता. नंतर ठेकेदार स्वतः येऊन गेला, आणि ट्रक गेले ते गेलेच. त्यांनी गोटे दुसरीकडून काढले आणि रस्ताही त्याच बाजूच्या गावाला गेला. आपली चिखलाची वाट आणि आपला नाला जसेच्या तसे राहिले.

तुम्ही मला काही बोलला नाहीत. बोलणार तरी कसे म्हणा! पण उखळालाही काही बोलला नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. निदान रागावायचं होतं हो. मी उखळाजवळ बसून वाट बघायची.

त्याच वर्षी भादव्यात वैनगंगा चढली. गोटाडावरून पाणी आलं नाही. खणलेल्या खिंडीतून मात्र आलं आणि सरळ बारकूच्या बांध्यांत शिरलं. लोंबीला आलेलं धान रेतीखाली गेलं. घराच्या भिंती विरघळून बसल्या. माणसं वाचली, कारण पाणी येण्याआधीच तुम्ही बारकूच्या दारात बंडी घेऊन उभे होतात. भागरता, तिची लेकरं, शेजारच्या सुना, सगळ्यांना तुम्ही आपल्या घरात आणलंत. छपरी भरली, माजघर भरलं. कोणी उखळाला टेकून निजलं. मग तुमच्या लक्षात आलं की घरात गावच्या सुनाच सुना आहेत आणि तुम्हाला पाऊल ठेवायला जागा नाही. तुम्ही बाहेर बंडीखाली जाऊन बसलात. दिवसभर पाऊस पडत होता आणि तुम्ही स्वतःच्या अंगणात बंडीखाली घोंगडं पांघरून बसून होतात. दारातून मला तुमचे पाय दिसत होते.

त्या दिवशी मोठीबाईंनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "बाहेर नेऊन दे त्याईले." कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बोललेले ते त्यांचे पहिले शब्द. मी कप बंडीच्या चाकाजवळ ठेवला आणि मागे सरले. तुम्ही चाकाला म्हणालात, "सारा खोदला असता तं गावच गेलं असतं." रिकामा कप उचलायला मी तिथेच थांबले.

पाणी उतरल्यावर तुम्ही बारकूला आपली वरची बांधी पेरायला दिलीत, त्याची रेती उपसून निघेपर्यंत. आणि दर उन्हाळ्यात स्वतः बंडीनं गोटे आणून ती खिंड बुजवत राहिलात. कडेनं बांबू लावलात. तुमच्या वयाची माणसं मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ बघत बसायची तेव्हा तुम्ही बांबूला कुंपण घालत असायचात. मी तुमची शिदोरी बोरीखाली ठेवून यायची. आता ती खिंड कुठे होती ते परक्याला दाखवावं लागतं.

एक गोष्ट मला कधीच कळली नाही, भाऊजी. त्या दिवशी तुम्ही परत फिरलात ते रिवाजामुळे की तुम्हालाही परत फिरायचंच होतं? दिलेली जबान तुम्ही मोडली नसतीत, जीव गेला असता तरी. पण सून वर बसली आहे म्हटल्यावर जबान न मोडता परतायला वाट मिळाली. ती वाट तुम्हाला हवी होती का? मी त्या बोरीखाली तुमच्या विरुद्ध बसले होते की तुमच्यासाठी? हे विचारायला मी किती वेळा उखळापर्यंत आले आणि परत गेले.

आणि मग तुम्हीच विचारलंत.

या उन्हाळ्यात तुम्ही खाटेवर होतात. मोठीबाई देवळात गेल्या होत्या, तुमचे भाऊ बाजाराला. तुम्ही खाकरलात. खोकल्याचं खाकरणं वेगळं आणि ते वेगळं, मला बरोबर कळायचं. मी पाण्याचा गडू घेऊन आले आणि रिवाजाप्रमाणे खाटेपासून दूर ठेवला. तुमचा हात पोचेना. मी पदर ओढून गडू जवळ सरकवला. तेव्हा तुम्ही उखळाकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणालात, "धाकटे, त्या दिवशी मी वर चढलो असतो तं तू उठली असतीस का?"

जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी बोलला होतात. आणि मी काय केलं? उखळाकडे तोंड फिरवून म्हणाले, "पाणी पेऊन घ्या म्हना."

तुम्ही हसलात. खरंच हसलात, छातीतून घरघर येईपर्यंत. म्हणालात, "आता त्याले कायले सांगतेस?" तेवढ्यात मोठीबाई आल्या आणि मी आत पळाले. उद्या सांगेन म्हटलं. पण मग तुमची शुद्ध हरपली, आणि सांगायचं राहिलं.

म्हणून आता कोणाच्या मार्फत नाही, तुम्हालाच सांगते. नाही, भाऊजी. उठले नसते. तुम्ही वर चढून माझ्यासमोर उभे राहिला असतात, सारं गाव बघत असतं, नंतर मला माहेरी धाडलं असतंत, तरी मी उठले नसते. आणि मला वाटतं तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणूनच तुम्ही चढला नाहीत.

आता एक बातमी. आपल्या वाटेचं सरकारी काम यंदा निघालं आहे. मुरूम नदीचा नाही, पलीकडच्या पहाडीचा आणताहेत. मी स्वतः जाऊन पाहिलं, तेव्हाच मला धीर आला. रस्ता नाल्यापर्यंत येऊन थांबला आहे. सरपंच म्हणतो की रपट्याचं पुढच्या वर्षी बघू. तो शांतापेक्षा लहान, त्याला तो दिवस माहीत नाही.

तुम्ही काळजी करू नका. मिरग लागायच्या आत बांबूचं कुंपण मी आणि भागरता नीट करून घेऊ. गोटाडाला मी जिवंत असेपर्यंत टिकास लागणार नाही. आणि शांताच्या नाल्यावर रपटा होईल, हा माझा शब्द. उद्यापासून मी आणि मोठीबाई सरपंचाच्या दारात जाऊन बसणार आहोत. तो खाकरेल, ओरडेल, साहेबांना बोलावेल.

बसायचं कसं, ते मला येतं.

तुमची धाकटी,
गिरजा

(हे माझं नाव. तुम्हाला कधी घ्यावं लागलं नाही, म्हणून लिहिलं.)